उचल घेतली आहे, पण बाळंतपण कुठे करायचं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादा-वहिनी दर वर्षी कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात. यंदा वहिनीला पाचवा महिना लागलाय, मार्चच्या सुरुवातीला दिवस भरतात, म्हणजे कारखाना चालू असतानाच. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली आहे, त्यामुळे न जाऊन चालणार नाही. तिचं हिमोग्लोबिन ८.४ आलंय. पहिलं बाळंतपण कोपीतच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच झालं, तेव्हा रक्त खूप गेलं होतं. आई म्हणते, तेव्हा निभावलं तसं आताही निभावेल. मला मात्र भीती वाटते. काय करू?

उत्तर : तुझी भीती रास्त आहे. आईंना सांग, पहिल्या खेपेला रक्त खूप गेलं, म्हणून तर या खेपेला जास्त सांभाळायचं. एकदा असा रक्तस्राव झालेल्या बाईला पुन्हा तसाच होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. त्यात अंगात रक्त कमी. चांगलं हिमोग्लोबिन असलेली बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी तग धरते, ८ वर आलेली बाई त्याहून कमीतही कोसळते. आणि बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव थांबवला नाही, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. फडापासून मोठ्या दवाखान्यापर्यंत रात्री पोचायला किती वेळ लागतो, हे दादाला विचारून बघ.

मी कारखान्यांच्या भागात बरीच वर्षं काम केलंय. एका जानेवारीत पहाटे एका बाईला आणलं. कोपीतच मोकळी झाली होती, वारही पडली होती. रक्त जातच राहिलं, पण सोबतच्या बायका म्हणाल्या, घाण रक्त आहे, जाऊ दे, पोट हलकं होईल. मग गाडी शोधायची वेळ आली तर टोळीचा ट्रॅक्टर कारखान्यावर नंबरला उभा. आमच्याकडे पोचली तेव्हा मनगटाला नाडी लागत नव्हती. तिला आम्ही वाचवू शकलो नाही. तिच्या घरचे निर्दयी नव्हते. किती रक्त म्हणजे जास्त, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते तू घरात सगळ्यांना सांगून ठेव : तासाभरात एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, बाई घामाघूम होऊन गार पडत असेल, तर १०८ला फोन करायचा. घाण रक्त वगैरे काही नसतं.

आता दिवाळीपर्यंत काय करायचं ते सांगते. लोहाच्या गोळ्या चालू असतीलच. ८.४ला बहुधा दिवसाला दोन गोळ्या द्याव्या लागतात, ते डॉक्टरांकडून लिहून घे. चहाबरोबर घेतलेली गोळी अंगाला फारशी लागत नाही. फडावर दिवसभर चहा चालू असतो, म्हणून गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लाव, वर लिंबू पिळलेलं पाणी. दुसरी केव्हा घ्यायची ते डॉक्टर सांगतील, पण चहापासून ती तास-दोन तास लांब हवी. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीच नको, ती दुपारच्या भाकरीसोबत. शौचाला काळं होईल, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. महिन्याने रक्त पुन्हा तपासा. हिमोग्लोबिन निदान एकाने तरी वाढलं नसेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्यायला सांगा, सरकारी दवाखान्यात ते मिळतं. टोळी निघण्याआधी आशाताईंकडून पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या मागून घे. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहिनीजवळच राहू दे, पेटीत तळाला नको.

तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे नाव नोंदवायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी खाडा पडला तरी जायचं. मुकादम कुरकुर करेल, करू दे.

कामाबद्दल स्पष्ट बोलते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं तिने आतापासूनच बंद करावं. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधणं, बसून करायची कामं चालतील. मुकादमाशी बोलणी आत्ताच करा, की जानेवारीपर्यंतच ती येईल, पुढे दादा अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीशिवाय एकटाच, राहील. हिशेबात नुकसान होईल हे मला कळतं. पण जानेवारीच्या मध्याला तिने एसटीने गावी परत यावं आणि बाळंतपण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात करावं, असं माझं ठाम मत आहे. तिथे रक्तही मिळेल आणि शस्त्रक्रियाही होईल. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेसं नाही. यायला जमलंच नाही, तर कोल्हापूरकडचं रक्तपेढीची सोय असलेलं सरकारी रुग्णालय आधीच बघून ठेवा आणि आईंना फेब्रुवारीत तिकडे पाठवा. २०११पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. गाव कुठलं, हे त्यात आड येत नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

दवाखान्यात बाळ बाहेर आल्याबरोबर, मिनिटाभरात, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. नंतर सिस्टर पोटावर हात ठेवून बघते : गर्भाशय नारळासारखं कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं की ती लगेच चोळते, डॉक्टरांना हाक मारते. पहिले दोन तास हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. कोपीत हे बघणारं कुणी नसतं.

२०१८-२०च्या सरकारी पाहणीत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू नोंदला गेला, महाराष्ट्रात ३३. आपलं राज्य पुढे आहे याचा मला आनंदच आहे. पण त्या सरासरीत फडावरच्या बाईची वेगळी मोजणी नाही, म्हणून तुझ्यासारख्या मुलीचं पत्र मला मोलाचं वाटतं. जानेवारीत वहिनी परत आली की मला कळव.

प्रश्न : माझ्या बहिणीला गरोदरपणात बीपी होतं. बाळंतपण सुखरूप झालं, घरी आली, आणि सहाव्या दिवशी झटके आले. मूल झालं की बीपी उतरतं असं आम्ही धरून चाललो होतो. आता ती बरी आहे. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी? (नाशिक)

उत्तर : बीपी शेवटी उतरतं, पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास ते बऱ्याचदा सर्वात जास्त चढतं. नेमकी तेव्हाच बाई घरी आलेली असते आणि सगळं घर बाळाभोवती असतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर जागरणामुळे असेल म्हणून सोडून देऊ नये. १६०/११०च्या पुढे बीपी म्हणजे त्याच तासाला दवाखाना. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं, स्वस्त आणि खात्रीचं.

पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत हे सगळं डॉक्टरांना सांगा. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करायची का, ते त्यांना सोळा आठवड्यांच्या आत ठरवावं लागतं, चौथा महिना सरल्यावर गेलात तर तिचा फायदा कमी होतो. आणि बहिणीचं बीपी यापुढे दर वर्षी तपासा, मूल होवो न होवो. अशा बायांना पुढे रक्तदाब आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो.