वाचकांचे प्रश्न : लाकडी कपांचा बंद हेडफोन

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहतो, नुकताच निवृत्त झालो आहे. ख्याल ऐकण्याचा नाद जुना. पण सून घरूनच काम करते, नातवंडांचा अभ्यास असतो, त्यामुळे स्पीकर लावता येत नाहीत. उघड्या पाठीच्या हेडफोनचा आवाज खोलीभर जातो, म्हणून बंद पाठीचा, लाकडी कपांचा, चांगल्यातला हेडफोन घ्यायचं ठरवतोय. लाखाच्या वर जायची तयारी आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला दुकानात ऐकायला जाईन. तासाभराच्या वेळात काय तपासू? मला चष्मा आहे.

उत्तर : चष्म्याचं लिहिलंत ते बरं केलंत, सुरुवात तिथूनच करू. बंद हेडफोनचा खर्ज टिकतो तो पॅड कानाभोवती घट्ट बसतो म्हणून. चष्म्याची काडी पॅडखालून गेली की फट राहते आणि खालचे स्वर त्या फटीतून निसटतात. दुकानात एकदा चष्मा काढून ऐका, एकदा लावून ऐका. मग चष्मा डोळ्यांवर असतानाच दोन्ही तळव्यांनी कप कानांकडे हलकेच दाबा. दाबल्याबरोबर खर्ज एकदम भरून आला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये. मग त्याचं कितीही नाव असो, तुम्ही तो घेऊ नका. चष्म्याची फ्रेम जाड काड्यांची असेल तर आधी बारीक काड्यांची करून घ्या. हा खर्च फार लहान आहे आणि फरक मोठा पडतो.

गाणं मात्र तुमचंच न्या. दुकानात लावतात ती रेकॉर्डिंग कुठल्याही हेडफोनवर झकास वाजतात, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ख्याल ऐकणाऱ्याने आधी नुसता तंबोरा लावावा, गायक पहिला षड्ज लावण्याआधीचं ते अर्धं-पाऊण मिनिट. तंबोरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावलेला असेल तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला बोलतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. पण जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच लागून उठणारा झणकार, नीट लागलेली असली की त्याच तारांमधून वरचे स्वर सुटतात, पार काही हजार हर्ट्झपर्यंत. म्हणजे तळ आणि झणकार, दोन्हींची परीक्षा एकाच वाद्यात. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातला स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार हळूहळू वर येतो. चांगल्या हेडफोनवर तो स्पष्ट कळतो आणि पुढची तार छेडली तरी बुजत नाही. कप घुमत असेल तर चारही तारांचा मिळून एक गोळा होतो. तो ऐकायला गोड लागतो, पहिल्या पाच मिनिटांत तर फारच गोड लागतो. फसगत होते ती इथेच.

असं का होतं, तेही सांगतो. ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनच्या आतल्या छोट्या स्पीकरचा, पडदा जेवढा आवाज कानाकडे फेकतो तेवढाच मागेही फेकतो. उघड्या हेडफोनमधून तो बाहेर निघून जातो. बंद हेडफोनमध्ये तो कपाच्या भिंतीवर आपटून पुन्हा पडद्याकडे येतो. कपाची खोली ४ सेंटिमीटर धरली, तर ४३०० हर्ट्झच्या सुमाराला त्या पोकळीत उभी लहर, म्हणजे जागच्या जागी घुमत राहणारा आवाज, तयार होते, आणि आपला कान सगळ्यात तिखट असतो तो जवळपास याच पट्ट्यात. म्हणून जाणते कारागीर आतली बाजू सरळसोट न ठेवता गोलाई देऊन कोरतात, मागे लोकर, नमदा किंवा फोम भरतात. बंद हेडफोनच्या किमतीतला मोठा भाग या न दिसणाऱ्या कामाचा असावा, असं मला मनापासून वाटतं. ते काम नीट झालंय की नाही, हे तंबोरा सांगतो.

त्यानंतर विलंबितातला डग्गा. घिस्सा घेताना तळवा दाबत नेला की आवाज खालून वर सरकतो. ही सरकण सलग ऐकू आली पाहिजे. मध्येच एका जागी आवाज फुगला आणि पुढे पुन्हा बसला, तर तिथे हेडफोन स्वतःचं काहीतरी मिसळतो आहे.

आणि एक मोनो मुद्रण जरूर न्या. आपल्या नाशिकात जन्मलेले पंडित द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले, त्यांची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. मोनो म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे गळा डोक्याच्या बरोबर मध्यावर उभा राहायला हवा. तो एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव बाजू बदलून दुसरीकडे गेला तर दोष हेडफोनचा किंवा त्याला आवाज पुरवणाऱ्या अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा). तिथेच राहिला तर तुमच्या कानांचा, आणि आपल्या वयाला त्यात काही विशेष नाही. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की तान वर गेली की आवाज डावीकडे सरकतो, खाली आली की मध्ये येतो, असं काही हेडफोनमध्ये होतं. दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर एकमेकांशी जुळवलेले नसले की असं होतं. लाखाच्या वस्तूत हे मी खपवून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जो थोडा मोठा वाजतो तो कानाला सरस वाटतो, मग तो सरस असो वा नसो. एकच गळा, एकच ओळ लावून बटण जुळवा आणि मगच मत बनवा.

कुठला घेऊ, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं सांगतो. फोस्टेक्सचा टीएच-९०० दिसायला अप्रतिम, जपानी चेरी बर्चच्या कपांवर उरुशी लाखेचं काम. पण माझ्या कानाला त्याचा तळ आणि वरचा भाग पुढे येतो आणि गळा मागे राहतो. जुन्या मुद्रणातली खरखरही उठून दिसते. ख्यालासाठी मी डेनॉनचा अक्रोडी डी-७२०० त्याच्या आधी ऐकेन. वजनाकडेही बघा. ऑडिझीचा एलसीडी-एक्ससी ६०० ग्रॅमच्या पुढे जातो. बडा ख्याल आणि त्यामागून द्रुत, एवढा वेळ तो मानेवर पेलतो का, हे दुकानातच बसून पाहायला हवं.

प्रश्न : लाकडामुळे आवाजात खरंच फरक पडतो, की ती नुसती शोभा? (वाचक, सातपूर)

उत्तर : फरक पडतो, पण जाहिरातीत म्हणतात तसा नाही. सातपूरलाच मी इतकी वर्षं स्पीकरच्या पेट्या बनवत आलो, त्यामुळे या विषयावर बोलायला मला आवडतं. ‘अक्रोड ऊबदार, मेपल स्वच्छ’ अशी वाक्यं मी मानत नाही. ड्रायव्हर, पॅड, कपाचा आकार आणि आतला भराव हे आवाजाचं बहुतेक सगळं ठरवतात. लाकडाचा वाटा त्यानंतरचा. जड, दाट लाकडाची भिंत कमी थरथरते आणि थरथरली तरी लवकर शांत होते. पातळ प्लॅस्टिकला हे जमत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याचा भोपळा पारखून घेतो तो घुमावा म्हणून. हेडफोनच्या कपाकडून अपेक्षा नेमकी उलटी, त्याने गप्प राहावं.

हेडफोन डोक्यावर चढवा, गाणं बंद ठेवा आणि बोटाच्या पेराने कपावर टिचकी मारा. आखूड, कोरडा ‘टक’ आला तर ठीक. मागे शेपूट राहिलं, ‘टुंग’सारखं, तर तेच शेपूट प्रत्येक स्वराला लागणार.

कप अखंड लाकडाचा आहे की वर नुसतं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलंय, हेही पाहून घ्या. पॅड निघत असेल तर काढून कड उजेडात धरा. अखंड लाकडात रेषा कडेवरून वळून आत उतरतात आणि कापाच्या तोंडाशी लाकडाची बारीक छिद्रं दिसतात. विनियरची रेषा कडेलाच तुटते. विनियर वाईट असतं असं नाही, पण मग पैसेही त्या हिशोबाने द्यावेत.

सोनीने १९८९मध्ये एमडीआर-आर१० काढला, त्याचे कप जपानी झेल्कोवा लाकडाचे होते आणि पडदा बायोसेल्युलोजचा. लाकडी बंद हेडफोनची गोष्ट निघाली की जाणकार आजही त्याचं नाव घेतात. डेनॉनच्या डी-९२००चे कप तर जपानी बांबूचे आहेत, आणि बांबू म्हणजे शास्त्राच्या हिशोबाने गवत. म्हणून म्हणतो, जातीच्या नावावर जाऊ नका.

प्रश्न : मी ढोल पथकात आहे. ढोलाचं रेकॉर्डिंग लावून हेडफोन तपासला तर चालेल का? (विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : चालेल, पण नुसता ढोल नको. ढोल कुठल्याही फुगीर खर्जाच्या हेडफोनवर छाती भरून टाकतो, त्यावरून काही कळत नाही. ढोल आणि ताशा एकत्र असलेला भाग लाव आणि लक्ष ताशाकडे ठेव. ढोलाचा ठोका पडत असतानाही ताशाची प्रत्येक काडी सुटी ऐकू येते का? ठोका पडला की ताशा दबत असेल, तर त्या हेडफोनचा खर्ज वरच्या पट्ट्यांवर सांडतोय. आणि काडीचा आवाज कानाला टोचत असेल, तर तो हेडफोन घरी दहा मिनिटांच्या वर ऐकवणार नाही.

दुसरं, पथकात वाजवताना कानात इअरप्लग घालत जा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. सरावाच्या जागी आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. चांगला हेडफोन आयुष्यात कधीही घेता येतो, कान पुन्हा मिळत नाहीत.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून लाकडी कपांचा बंद हेडफोन आणलाय, त्यावर ३०० ओम लिहिलंय. फोनला लावला तर आवाज अगदी बारीक. बिघडलेला असेल का? आणि पावसाळ्यात त्याची काळजी कशी घेऊ? (एक भगिनी, इंदिरानगर)

उत्तर : ताई, बिघडलेला नाही. ओम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं माप, आणि ३०० ओमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागतं. १ व्होल्ट दिला तर त्यात जेमतेम ३.३ मिलिवॉट जातात, तोच १ व्होल्ट २५ ओमच्या हेडफोनमध्ये ४० मिलिवॉट पोचवतो. फोनमधून फार व्होल्टेज निघत नाही. वेगळा हेडफोन अॅम्प लावलात की तो मोकळा वाजेल. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा, अॅम्पही या हेडफोनला चालतो. २५ ओमवाल्यांना मात्र तसा अॅम्प जपून निवडावा लागतो. अॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा ओममधला विरोध, हेडफोनच्या ओमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, म्हणजे २५ ओमला ३च्या आत. तो जास्त असला तर खर्ज सैल पडू शकतो.

पावसाळ्यात लाकडापेक्षा जास्त काळजी पॅडची घ्या. मे महिन्यात नाशिकची हवा कोरडी ठणठणीत असते आणि जूनच्या मध्यापासून चार महिने दमट. पॉलिश चांगलं असेल तर लाकूड हा बदल सोसतं, फक्त खिडकीच्या उन्हात ठेवू नका. कातडी पॅडला मात्र घाम आणि दमट हवा मिळून बुरशी येते. ऐकून झालं की पॅड सुक्या सुती कापडाने पुसा, अर्धा तास उघड्यावर ठेवा आणि मगच सिलिका जेलची पुडी घातलेल्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. कपांना खोबरेल तेल लावायचा मोह होईल, लावू नका. लाखेच्या किंवा लॅकरच्या कपांना मऊ सुकं कापड पुरतं. तेल-मेणाचं फिनिश असेल तर बनवणाऱ्याने सांगितलेलंच मेण, तेही वर्षातून एखाद वेळा आणि अगदी थोडं.

पॅड चेपले की बदलावे लागतात. ते मूळ कंपनीचेच घ्या, कारण जाडी किंवा आतला फोम बदलला की कान आणि ड्रायव्हरमधलं अंतर बदलतं आणि आवाजच वेगळा होतो. नवे आले तरी जुने लगेच टाकू नका. एकच गाणं दोन्ही पॅडवर ऐकून बघा, जुन्या पॅडने आवाजातलं काय काय खाल्लं होतं ते लगेच कळेल.