कोकणात घराच्या परसात दालचिनी लावली तर वापरापुरती साल मिळते का? घरगुती औषधाला ती चालते का?

मिळते. पण सालीआधी पानं मिळतील आणि स्वयंपाकघरात खरा उपयोग पानांचाच होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सावंतवाडीजवळ आमच्या माडांखाली चार झाडं आहेत. अर्धवट सावली तिला मानवते. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राच्या 'लाखी बागे'त, म्हणजे नारळात मसाल्याची पिकं घेतात त्या मिश्र बागेतसुद्धा, ती नारळाच्या जोडीनेच लावतात. लावायचीच असेल तर दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात (1992) घ्या. तिच्या सालीत तेलाचं प्रमाण साधारण 3.2 टक्के आहे. पाणी तुंबतं तिथे लावू नका, मुळं कुजतात.

पहिली चूक मी केली ती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. झाड चांगलं वाढल्यावर उभ्या खोडाचीच साल गोल सोलून काढली. महिन्याभरात वरचं सगळं वाळलं. शेजारचे काका बघून म्हणाले, "अरे, झाडाची कातडी काढलंस, आता ता जगतला कसा?" दालचिनीचं झाड होऊ द्यायचंच नाही, झुडूप ठेवायचं. तीनेक वर्षांचं झालं की जमिनीपासून वीतभर ठेवून खोड छाटायचं. बुंध्यातून धुमारे फुटतात, त्यातले चार-पाच सरळ ठेवायचे. अंगठ्याएवढे जाड झाले की तेच कापायचे.

कापणी पाऊस सरल्यावर. कोवळी लाल पानं हिरवी झाली की फांदीवर सुरीच्या टोकाने एक बारीक चीर द्या. साल सहज सुटली तर वेळ झाली, चिकटून राहिली तर थांबा. वरची तपकिरी खरखरीत साल खरवडून टाकायची, मग पितळी पळीच्या दांड्याने फांदी घासायची आणि दोन उभे छेद देऊन आतली साल अलगद उचलायची. सावलीत वाळताना ती आपोआप गुंडाळते. बारीक तुकडे मोठ्या गुंडाळीत सरकवायचे. एका फांदीतून मूठभरसुद्धा निघत नाही. विकायचा विचार असेल तर मजुरी धरून हिशेब करा, माझा तरी जमला नाही.

पान चोळून बघा, वास लवंगेचा येतो. पानाच्या तेलात लवंगेतलंच युजेनॉल मुख्य, सालीच्या वासाचं द्रव्य वेगळं. म्हणून पुलावात, मसालेभातात किंवा मटणाच्या रश्शात तमालपत्राच्या जागी एक ताजं पान पुरतं; दोन घातली तर सगळा भात लवंगेचा. तमालपत्र हिमालयाकडच्या भावंडाचं, त्यालाही दालचिनीच्या पानासारख्याच तीन शिरा असतात. आणि मसाल्यात 'नागकेशर' म्हणून घालतो ते टोपीवाले काळे दाणे, तीही बहुतेक याच कुळातल्या रानझाडांची वाळवलेली कच्ची फळं.

आता औषध. पावसात घसा धरला की आलं, गवती चहा आणि दालचिनीचं अर्धं पान उकळून आम्ही पितो. बरं वाटतं, एवढंच म्हणेन. मधुमेहावर रोज चमचाभर पूड घ्या असे मेसेज फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. गोळी तर अजिबात सोडू नका. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक चीन-व्हिएतनामकडची तज असते. जाड, कडक, एकाच थराची. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. तजेच्या पुडीच्या एका चमच्यात तेवढं सहज भरतं. खऱ्या दालचिनीत ते अगदी नाममात्र असतं, तिची गुंडाळी कागदासारख्या थरांची असते आणि बोटांनी चुरता येते. तरीही गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी औषध म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सालीचं तेल तसंच अंगाला लावू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

रोप विकत घ्यायचं नसेल तर पावसाळ्याच्या तोंडाला पिकलेली जांभळी-काळी फळं गोळा करा, गर धुऊन काढा आणि दोन-तीन दिवसांत पेरा. बी ठेवून दिलं की उगवणशक्ती भराभर जाते. फळं मात्र पाखरांच्या आधी गाठावी लागतील.