राउटरचे पोर्ट, वळीव आणि सही केलेली जॉबशीट

उदगीरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरच्या राउटरला तीन वर्षांची वॉरंटी आहे, खरेदी दोन दिवाळ्यांपूर्वीची. चार लॅन पोर्टांपैकी (केबल लावायच्या खाचांपैकी) तीन नंबरचा मागच्या वर्षी होळीच्या सुमारास बंद पडला. त्यावर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता. मे महिन्यात वळीव झाला, विजा कडाडल्या आणि दोन नंबरचाही गेला. त्यातून गच्चीवरून समोरच्या गोठ्यापर्यंत केबल नेलेली आहे. वाय-फाय मात्र अजून ठणठणीत. जूनमध्ये सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, ‘सर्ज डॅमेज (विजेच्या झटक्याने नुकसान), वॉरंटीबाहेर’ असा शेरा मारून राउटर परत दिला. दुकानदार हात झटकतो. ग्राहक आयोगात जावं का?

वळीव झाला की अशी पत्रं येतातच, म्हणून ग्राहक कोण आणि सदोष वस्तू कशाला म्हणायचं हे सांगत बसत नाही. तुमच्या प्रकरणात सगळं एका तारखेवर अडलंय: तीन नंबरचा पोर्ट नेमका कधी गेला.

वॉरंटीत वीज पडून किंवा विजेचा दाब वाढून झालेलं नुकसान वगळलेलं असतं, तुमच्याही कार्डावर ते आहे. दोन नंबरच्या पोर्टाबाबत कंपनी याच कलमाचा आधार घेणार आणि तिथे तुमची बाजू लंगडी आहे. उघड्यावरची तांब्याची केबल वळवात विजेचा झटका थेट पोर्टात आणते. पोर्टामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर साधारण १५०० व्होल्टपर्यंत आडवा येतो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही. पण तीन नंबरचा पोर्ट होळीत गेला असेल, म्हणजे वळवाच्या दोन महिने आधी, तर त्याला हे कलम लावणं कंपनीला जड जाईल. सर्व्हिस सेंटरने दोन्ही पोर्ट एकाच शेऱ्यात गुंडाळले आणि तुम्ही जॉबशीटवर खाली सही केली. राउटर ताब्यात मिळाल्याची ती सही, असं शपथपत्रात सांगता येईल. आयोगाला ते कितपत पटेल, ते आज सांगता येणार नाही.

होळी ते जून तुम्ही गप्प का बसलात? सर्व्हिस सेंटरला फोन केले होते म्हणता, पण त्याचा कागद कुठाय? त्याच आठवड्यात चार ओळींचा ईमेल टाकला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आता निदान दुसरा पुरावा शोधा. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलंय का पाहा. इंटरनेटवाल्याकडे तक्रार नोंदवली असेल तर तिच्या क्रमांकाचा एसएमएस काढा. सगळ्यात मोलाचा पुरावा रेकॉर्डरमध्ये असू शकतो. बहुतेक रेकॉर्डर नेटवर्क तुटल्याची नोंद तारीख-वेळेसह डिस्कवर ठेवतात. मेन्यूत लॉग, म्हणजे या नोंदींची यादी, उघडा, होळीच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा दिवस निवडा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि पडद्याचा फोटोही काढा. रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर चालतंय का तेही फोटोत येऊ द्या. जुन्या नोंदी नव्यांखाली पुसल्या जातात, म्हणून हे आजच करा. हा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर धरून बसत नाही, तरी समोरचा वकील नेमका त्यावरच बोट ठेवतो.

पोर्ट खरंच मेलाय का, हे नोटीस धाडण्याआधी पक्कं करा. चालू असलेली एक-दोन मीटरची कॅट ५ई केबल आणि एकच लॅपटॉप घ्या. एक ते चार पोर्टांत ती केबल ओळीने लावा आणि मोबाईलवर न थांबवता चित्रीकरण करा. प्रत्येक वेळी पोर्टाचा दिवा आणि लॅपटॉपवरची लिंक स्पीड (जोडणीचा वेग) दिसली पाहिजे. १००० ऐवजी १०० दिसलं तर बहुधा केबलमधल्या तारांची एखादी जोडी तुटलेली असते. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. दिवा लागतो पण इंटरनेट येत नाही, अशी गत असेल तर दोष बहुतेक सेटिंगचा. काही राउटरांत एखादा पोर्ट आयपीटीव्हीला (इंटरनेटवरून चालणाऱ्या टीव्हीला) बांधलेला असतो. सेटिंगचे फोटो काढून ठेवा, राउटर चालू असताना रीसेटच्या भोकात पिन दहा सेकंद दाबा आणि पुन्हा तपासा. त्यानंतरही दिवा लागला नाही तरच पोर्ट मेला असं लिहा.

टॉर्च लावून आतल्या आठ सोनेरी तारा पाहा. टेलिफोनची अरुंद पिन कुणी कोंबली असेल तर कडेच्या दोन तारा वाकतात आणि मग कंपनी विजेचं सोडून ‘हाताळणीतला दोष’ म्हणायला मोकळी. राउटर कुणाला उघडू देऊ नका. सील तुटलं की सगळं संपलं.

त्यानंतर नोटीस. कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि दुकानदार या तिघांनाही स्पीड पोस्टाने. त्यात मागा: तपासणीचा अहवाल, जळालेला भाग कोणता, त्याचे फोटो, आणि तीन नंबरचा पोर्ट वळवातच गेला हे कशावरून ठरवलं. उत्तराला पंधरा दिवस द्या. अपवादाचं कलम जो पुढे करतो त्यानेच ते लागू होतं हे दाखवायचं, हे तत्त्व विम्याच्या दाव्यांत रुळलेलं आहे. इथेही ते मांडता येईल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. नकार जूनचा, म्हणून जूनपासून मोजा असं कुणी सांगेल. तुम्ही होळीपासून मोजा आणि पुढचा फेब्रुवारी संपायच्या आत दाखल करा. फोन करत राहिल्याने किंवा नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. विलंब माफीच्या अर्जाची पाळी स्वतःवर आणू नका. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरच्या आयोगात चालेल. ती ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. कायद्याला म्हणायला काय जातं! दोनेक वर्षं तारखा धरून चाला. तपासणी झाली तर तिची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात आणि ती राउटरच्या किमतीहून जास्त निघू शकते. म्हणून आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रेकॉर्डरची नोंद हाती असेल तर कंपनी तिथेच बदलून देण्याची शक्यता मला जास्त वाटते. नोंद सापडली नाही, तर एवढ्या रकमेसाठी लातूरच्या खेपा घालू नका.

तोवर घर अडायला नको. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच हजार-दीड हजारात येतो, तो चालू पोर्टाला जोडा. गोठ्याची केबल मात्र त्या स्विचला लावू नका. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलला फायबरशी जोडणारे डबे) घेऊन मधे फायबर टाका, काचेतून वीज येत नाही.