मुंबईतील सुट्टीचा शेवटचा दिवस : पापलेट नको, बोंबील मागवा

आपण विचारले आहे की, नागपूरहून चौघे जण मुंबईला आलो आहोत, रविवारी संध्याकाळी सीएसएमटीहून विदर्भ एक्स्प्रेसने परतायचे आहे, तर त्या दिवशी एलिफंटा पाहून दुपारी चांगले पापलेट कुठे खावे. एलिफंटा आणि पापलेट या दोन गोष्टींवरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझी थोरली बहीण अमरावतीला असते. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ती मंडळी आमच्याकडे माहीमला येतात ती नेमकी जूनमध्ये. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचा बेत मी आखला होता : सकाळी एलिफंटा, दुपारी मासे, संध्याकाळी गाडी. तो सोमवार होता, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे मला गेटवेवर पोचल्यावर समजले. पावसात भिजलेल्या भाच्यांना घेऊन बराच वेळ फिरल्यावर साडेतीनच्या सुमारास आम्ही एका उपाहारगृहात शिरलो आणि मी भाऊजींचा मान म्हणून सर्वांसाठी पापलेट मागवले. ताटात आले ते तळहातापेक्षाही लहान, वरून मसाल्याने लालभडक आणि आतून कोरडे ठणठणीत. भाऊजींनी काही न बोलता जेवण संपवले, हात धुऊन आले आणि म्हणाले, "मुंबईच्या मासळीचं एवढं ऐकलं होतं, पण याच्यापेक्षा आमच्या धरणातला मरळ बरा." त्यानंतर आमच्याकडचे एकही लग्नकार्य असे झाले नाही की ज्यात हे वाक्य चारचौघांत निघाले नाही.

दोष मुंबईच्या मासळीचा नव्हता, दिवसांचा होता. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात ताटात येणारा बराचसा मासा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. शिवाय पापलेट आता पूर्वीसारखे मिळत नाही. राज्य सरकारने 2023 मध्ये पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले, ते त्याचे प्रमाण घटत चालले आहे म्हणूनच. आणि ते घटण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे पूर्ण वाढ होण्यापूर्वीच ते जाळ्यात येते. पाहुण्यांपुढे पापलेटच हवे, हा आपल्या लोकांचा हट्ट याला बराच जबाबदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन वर्षांनी भाऊजी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा मी त्यांना शेवटच्या दिवशी, रविवारी, सकाळी सातला सिटीलाइटच्या मासळी बाजारात घेऊन गेलो. कोळीण मावशींनी बोंबलाचा वाटा पुढे सरकवला. ताजा बोंबील काचेसारखा अर्धपारदर्शक असतो, तोंडाजवळ गुलाबी झाक असते आणि हातात धरला तर लगेच लोळागोळा होत नाही. भाऊजींनी तो स्वतः उचलून पाहिला. घरी आईने डोकी-शेपट्या काढून, पोटाच्या बाजूने चिरून बोंबील उघडले, स्वच्छ पंचावर ओळीने मांडले, वर पंचाची दुसरी घडी घातली, त्यावर पोळपाट आणि पोळपाटावर वरवंटा ठेवला. पाऊण तासाने पंचा ओलाचिंब झाला होता. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. ते काढल्याशिवाय तो तव्यावर टाकला की त्याचा लगदा होतो. नंतर हळद, तिखट, मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून, तांदळाच्या पिठात रवा मिसळून ते घोळवले आणि तव्यावर सोडले. कड कुरकुरीत आणि आत साय, असा तो बोंबील भाऊजींनी एकामागून एक नऊ वेळा वाढून घेतला. त्यानंतर ते म्हणाले, "हे घरचं आहे. हॉटेलात असं मिळणार नाही." म्हणजे वाद तिथेच राहिला.

जेवण बारालाच आटोपले होते, म्हणून दुपार मोकळी मिळाली. चर्चगेटला उतरून आम्ही ओव्हल मैदानावर गेलो. एका अंगाला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला 1930 च्या सुमाराच्या आर्ट डेको इमारती. 2018 मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरला, आणि तो पाहायला तिकीट लागत नाही. तेथून काळा घोडा, मग हुतात्मा चौक आणि शेवटी सीएसएमटी. 1878 मध्ये काम सुरू होऊन दहा वर्षे बांधले गेलेले ते स्थानक भाऊजींनी त्याआधी अनेकदा ओलांडले होते, पण समोरच्या पदपथावर थांबून त्याच्या दगडातले मोर आणि माकडे त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, एलिफंटा त्या दिवशी करू नये. लेणी रविवारी उघडी असतात हे खरे, परंतु बोटीचा एका बाजूचा प्रवासच सुमारे तासाभराचा आहे, आणि वीसेक फुटांच्या त्या त्रिमूर्तीसमोर गाडीच्या वेळेची धास्ती घेऊन उभे राहणे मला पटत नाही. सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवावे, सकाळी गेटवे आणि वस्तुसंग्रहालय पाहावे, साडेबारापूर्वी जेवायला बसावे आणि उरलेला वेळ वर सांगितलेल्या वाटेने चालावे. जेवायला फोर्टमध्ये महेश लंच होम आहे, तेथील चव मंगळुरी. मालवणी-गोव्याकडची चव हवी असेल तर दादरला जाता येईल. कुठेही गेलात तरी आधी आज ताजे काय आहे ते विचारा आणि बोंबील, बांगडा, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) यांपैकी जे असेल ते तांदळाच्या भाकरीबरोबर घ्या. सोलकढी शेवटी.

हे सर्व ऑगस्ट ते मे या काळासाठी आहे. जून-जुलैत येत असाल तर सुक्या मासळीवर समाधान मानणे चांगले. रविवारी बहुधा लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद किंवा उशिरा असतात, तेव्हा दादरला जाणार असाल तर वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावे. मुलांनी पूर्वी कधी तिसऱ्या किंवा खेकडे खाल्ले नसतील तर रात्रभराच्या प्रवासापूर्वी ते प्रथमच देऊ नयेत.

आणि एक विनंती आहे. हॉटेलातला बोंबील कसा लागला ते येथे नक्की लिहा. आपण विदर्भातले आहात, तेव्हा आपले मत भाऊजी मान्य करतील. माझे ते करत नाहीत.