टेन्सर आवडतात, पण नोकरीचं काय?

प्रश्न : मी साताऱ्यात टीवायबीएस्सीला आहे, विषय गणित. पायथॉन स्वतःच शिकले. पायथॉनमध्ये आकड्यांऐवजी चिन्हांनी गणित करणाऱ्या सिम्पाय लायब्ररीतला अ‍ॅरे (ओळी-स्तंभांसारख्या कितीही मितींत मांडलेले घटक) आणि टेन्सरचा (ठरावीक नियमांनी बदलणाऱ्या अशा घटकांचा) कोड वाचायला आवडतो, त्यातच काम करावंसं वाटतं. दादा म्हणतो, हे खूळ सोड, डेटा सायन्सचा कोर्स लाव. काय करू?

उत्तर : दादाची काळजी रास्त आहे. नेमक्या याच कामाच्या जागा फार थोड्या असतात. तरीही कोर्सची घाई नको. या कामात कसले निर्णय घ्यावे लागतात, ते आधी बघ.

सिम्पायमध्ये दोन अ‍ॅरेंच्या मधे गुणाकाराचं चिन्ह टाकून बघ. एरर येते, वर 'टेन्सरप्रॉडक्ट' (प्रत्येक घटकाला प्रत्येक घटकाने गुणणारं फंक्शन) वापरायचा सल्ला मिळतो. आकड्यांच्या अ‍ॅरेंसाठीची नमपाय लायब्ररी मात्र घटकाला घटक गुणून मोकळी होते. सिम्पायमध्ये मॅट्रिक्सच्या बाबतीत तेच चिन्ह मॅट्रिक्स गुणाकार करतं. मग तीन मितींच्या अ‍ॅरेला त्याचा कोणता अर्थ द्यायचा? सिम्पायने उत्तर द्यायलाच नकार दिला, आणि मला तो निर्णय पटतो. विकलनाचंही तसंच. अनेक फलांची विकलनं मॅट्रिक्समध्ये मांडणाऱ्या 'जेकोबियन'मध्ये ओळी फलांच्या असतात, तर अ‍ॅरेंसाठीचं 'डिराइव्ह-बाय-अ‍ॅरे' चलांची मिती आधी ठेवतं, म्हणून तेच उत्तर ट्रान्सपोज होऊन, म्हणजे ओळी-स्तंभांची अदलाबदल होऊन येतं. अवकाशाची वक्रता सांगणाऱ्या रीमान टेन्सरचे चार मितींत घटक 256, त्यांतले स्वतंत्र फक्त 20; बाकीचे सममितीमुळे त्यांवरूनच ठरतात. अ‍ॅरेला ही सममिती कळत नाही. ती कळते शेजारच्या टेन्सर मॉड्यूलला, जिथे वरचे-खालचे निर्देशांकही वेगळे ओळखले जातात. असे निर्णय घ्यायला गणित पक्कं लागतं. ते तुझ्याकडे आहे, कोर्सवाल्यांकडे क्वचित.

सुरुवात छोटी कर. गोलाच्या पृष्ठभागाची ख्रिस्तोफेल चिन्हं (वक्र पृष्ठभागावर विकलन करताना लागणारे गुणक) अ‍ॅरे वापरून काढ आणि वहीत हाताने पडताळ. मग एखादी हरवलेली टेस्ट किंवा डॉक्युमेंटेशनमधलं अपुरं उदाहरण धरून पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल सिम्पायमध्ये घेण्याची विनंती) टाक. नवं डिझाइन लगेच सुचवू नकोस, जुने वाद आधी वाच. नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरवर मानधन देऊन काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोडमध्ये सिम्पाय अनेकदा असतं. वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत.

एमएस्सीसाठी आयआयटींची जॅम ही प्रवेश परीक्षा दे. रेषीय बीजगणित आणि अनेक चलांचं कलन त्यात आहेच. पुढे मशीन लर्निंगचे कंपायलर किंवा वैज्ञानिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे जाशील, तेव्हा सिम्पायमध्ये मर्ज झालेला, म्हणजे स्वीकारला गेलेला कोड मुलाखतीत दाखवता येईल. प्रमाणपत्रापेक्षा त्यावर बोलायला खूप काही असतं.

दादाला तरीही कोर्सच हवा असेल, तर फी भरण्याआधी त्याचा अभ्यासक्रम मला पाठव.