परदेशात मिशन सेवेत असताना शनिवार-रविवारी गाडी करून डोंगरातली गावे पाहायला जाणे योग्य आहे का?

आपण विचारले आहे की, धुळ्याहून वर्षभराच्या मिशन सेवेसाठी फिलिपाइन्समध्ये बॅगियोला निघाला आहात, तर सुट्टीच्या दोन दिवसांत तिथली डोंगरावरची गावे पाहणे सेवेला धरून होईल का, आणि जायचे झाल्यास कसे जावे. मी नवापूर तालुक्यातला. आमच्या मंडळीने पाठवले म्हणून दोन वर्षे बॅगियोतल्या एका वसतिगृहात मुलांचा अभ्यास आणि रविवारशाळा सांभाळत होतो. त्या काळात अशी एकच सहल केली आणि तिच्यात एक ठळक चूकही केली, म्हणून सविस्तर लिहितो.

जरूर जावे, मात्र पिशवीत पत्रके भरून जाऊ नये. त्या दोन दिवसांत आपण कोणाला काही सांगायला आलेलो नाही, हे मनाशी पक्के असले की सहल आणि सेवा यांचे भांडण उरत नाही.

गाडी स्वतः चालवण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि कोंडाईबारीच्या घाटात ट्रकमागे रखडत वाढलेल्या माणसाचा हात ऐन वळणावर डावीकडेच जातो. आम्ही चौघांनी मिळून चालकासह व्हॅन ठरवली होती. चालक डोंगरातल्या बोंतोक गावचाच असल्यामुळे कुठले वळण धुक्यात कसे वागते, हे त्याला पाठ होते. बॅगियोशेजारच्या ला त्रिनिदादहून निघणारा हाल्सेमा महामार्ग कॉर्डिलेरा डोंगररांगेच्या माथ्यामाथ्याने बोंतोकपर्यंत जातो. पहाटे निघालात तर सगादा या डोंगरातल्या गावाला पोहोचायला, थांबे धरून, सात तास सहज लागतात.

वाटेत अटोकला तिथली उंची 7,400 फूट असल्याचे सांगणारा फलक आहे. लोक तिथे छायाचित्रे काढतात, आम्हीही काढली. परंतु लक्षात राहिली ती फलकाशेजारची कोबीची वाफ्यावाफ्यांची उतरण आणि तिच्यावर पाणी मारणारी एक बाई. जानेवारीचा महिना होता. रात्री पडलेले हिम ऊन चढण्याआधी धुतले नाही, तर पाने करपतात, असे तिने चालकामार्फत सांगितले. त्या हिमाला तिथे ‘अंदाप’ म्हणतात. सातपुड्यात डाब, मोलगीकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तेव्हा गवतावर जो पांढरा थर दिसतो, अगदी तोच थर त्या कोबीवर होता. इतक्या लांब येऊन पहिली ओळख पटली ती गोठलेल्या दवाची.

बोंतोकला चिको नदीच्या पुलावर चालकाने गाडी थांबवली आणि माझे गाव कुठल्या नदीजवळ आहे, असे विचारले. माझे गाव तापीच्या खोऱ्यातले. पण जिल्हा सांगताना नर्मदेचे आणि अक्कलकुव्यातल्या मणिबेलीचे नाव तोंडून निघाले, सरदार सरोवराचे पाणी चढले म्हणून सांगितले, तशी त्याने चिकोची हकिगत सुरू केली. याच नदीवर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत जागतिक बँकेच्या पाठबळाने धरणांची मालिका बांधायची होती, कलिंगा आणि बोंतोक या डोंगरी जमातींनी ती अडवली, त्यांचे पुढारी माक्लिइंग दुलाग यांना 1980 साली सैनिकांनी गोळ्या घालून मारले, आणि अखेर योजनाच गुंडाळावी लागली. आमच्याकडेही 1993 मध्ये जागतिक बँक बाजूला झाली. धरण मात्र झाले. त्यावर तो काही बोलला नाही. मग त्याने खिशातली सुपारी काढून मला देऊ केली.

सगादात शिरताच पर्यटन कार्यालयात नाव नोंदवून स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो, त्याला फाटे फोडू नयेत. इको व्हॅलीतल्या कड्याला टांगलेल्या शवपेट्यांकडे जाणारी वाट सेंट मेरीच्या दगडी चर्चवरून आणि ख्रिस्ती दफनभूमीतून जाते. सगादाचे अँग्लिकन मिशन 1904 सालचे आहे. तरीही कड्यावरच्या पेट्या आणि खालचे क्रूस एकाच डोंगराच्या वाट्याला आहेत, आणि गावाला त्यात काही विसंगत वाटत नाही. काही पेट्या इतक्या आखूड आहेत की आत मूल असावे असे वाटते. प्रत्यक्षात जुन्या रीतीने मृताला गुडघे पोटाशी घेऊन ठेवत. आमच्यातला एक जण हे ‘अंधारातले लोक’ वगैरे बोलू लागला, तेव्हा वाटाड्याने शांतपणे सांगितले की आपली आजी त्या चर्चची सभासद होती. रविवारी त्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आम्ही उपासना ऐकली. भाषा फारशी कळली नाही. प्रभूची प्रार्थना मात्र चालीवरून ओळखली आणि हळू आवाजात मराठीत म्हटली.

चूक यापुढची. उपासनेनंतर, एवढे आलोच आहोत तर बनौएची डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे पाहून घेऊ, असा मोह झाला. बोंतोकहून बनौए दोन तासांवर आहे, हे खरे. पण तेवढेच परत यायचे आणि मग आख्खा हाल्सेमा उतरायचा, हा हिशेब कोणी केला नाही. शिवाय युनेस्कोने 1995 मध्ये जागतिक वारशात घेतलेली खाचरे बताद, बांगाआन अशा आतल्या गावांतली आहेत. बतादला तर शेवटी पायीच उतरावे लागते. आम्ही सज्जावरून वीस मिनिटे पाहिले आणि निघालो. अंधारात हाल्सेमावरच्या अबातान गावाच्या पुढे दरड आली होती, दोन्ही बाजूंना भाजीचे ट्रक उभे, धुके इतके की पुढच्या गाडीचा दिवाही दिसेना. वसतिगृहात सोमवारी सकाळी नऊला पोहोचलो. मुलांना न्याहारी स्वयंपाकीण मावशींनी एकटीने दिली होती, आणि आमच्या जबाबदार वडीलधाऱ्यांनी पुढचे तीन महिने माझे बाहेर जाणे बंद केले. ते रास्तच होते.

तेव्हा परवानगी लेखी घ्या, परतीची वेळ रविवार दुपारचीच धरा, जून ते ऑक्टोबर हे पावसा-वादळाचे महिने टाळा आणि एका फेरीत सगादाच्या पुढे जाऊ नका. बनौएसाठी सलग सुट्टी मिळेल तेव्हा वेगळे जा. स्वेटर येथूनच न्या. बॅगियोची थंडी तोरणमाळसारखी वाटेल, अटोकची नाही.