वाचकांचे प्रश्न : बाबांना काय लिहू?

प्रश्न : माझ्या बाबांचे सहस्रचंद्रदर्शन येत्या महिन्यात ठाण्यात करायचे ठरले आहे. त्यांनी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात तीस वर्षे तिन्ही पाळ्यांत काम केले आणि आम्हा दोघा भावंडांना शिकवले. पाळी संपवून घरी आले की ते भुशाने आणि कपड्याच्या साबणाने हात घासत, तरीही बोटांच्या रेषांतले काळे तेल निघत नसे. म्हणून माझी वही ते दोन तळव्यांमध्ये कडेने धरून पाहत. शनिवारी ते मला मराठी ग्रंथसंग्रहालयात नेत आणि येताना तलावपाळीवर बसवून नवे पुस्तक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. कार्यक्रमात मी मानपत्र वाचावे असे भावाचे म्हणणे आहे, परंतु काहीही लिहिले तरी ते शाळेतल्या ‘माझे बाबा’ या निबंधासारखे वाटते. शिवाय एक गोष्ट मनाला लागून आहे. कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर त्यांच्या खाकी गणवेशाची लाज वाटून मी त्यांना फाटकाशी येऊ नका असे सांगितले होते. हे लिहावे का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : तुमचे मानपत्र निबंधासारखे होते, कारण त्यात ‘कष्टाळू’, ‘प्रेमळ’, ‘त्यागमूर्ती’ असे शब्द येत असणार. हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोणाच्याही वडिलांना लावता येतात. पत्रात मात्र तुम्ही सहज, प्रश्नाच्या ओघात, वही तळव्यांमध्ये कडेने धरणारे हात लिहून गेलात, आणि ते हात दुसऱ्या कोणाचे असू शकत नाहीत. दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस मुलीच्या वहीवर एक डाग पडू नये म्हणून इतका जपतो, हे ज्या मुलीने पाहिले आणि चाळीस वर्षे लक्षात ठेवले, तिला कृतज्ञता शब्दांत मांडता येत नाही असे मला वाटत नाही. सुरुवात तिथूनच करा. त्याच्या आधी प्रस्तावना नको आणि त्याचा अर्थ समजावून सांगणेही नको. त्यांना तो कळेल.

मात्र हे सभागृहात वाचू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हजार पौर्णिमा पाहायला ऐंशी वर्षे आणि साधारण दहा महिने लागतात. एवढे आयुष्य ‘त्यात काय एवढे’ म्हणत काढलेल्या माणसाला शंभर पाहुण्यांसमोर स्वतःची स्तुती ऐकत बसणे ही शिक्षा वाटू शकते. कार्यक्रमात औक्षण होऊ द्या, भावाने चार ओळी बोलाव्यात. तुमचे लिखाण पत्र म्हणून, आदल्या दिवशी सकाळी, घरीच त्यांच्या हातात द्या.

त्यापूर्वी एक काम करा. लहानपणीच्या आठवणीचा अर्धाच भाग आपल्याजवळ असतो, उरलेला आईवडिलांकडे असतो. मी लहान असताना आम्ही कल्याणला आत्याकडे जायचो. तेव्हा जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात असत. १९१६ पासूनचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा लांब आहे. आत शिरताच वडील माझे मनगट धरून ‘मोज’ म्हणायचे आणि साठ-सत्तर आकडे मोजेपर्यंत पलीकडे उजेड दिसायचा. तो आमचा खेळ होता, असे मी पन्नाशीपर्यंत सगळ्यांना सांगत आले. वडिलांच्या अखेरच्या आजारपणात सहज तो विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, ‘खेळ कसला? अंधार आला की तू रडायचीस, म्हणून मोजायला लावायचो.’ मला ती भीती अजिबात आठवत नाही, कारण त्यांनी ती मला आठवण्याइतकी उरूच दिली नव्हती. मी विचारले नसते, तर हे मला कधीच समजले नसते.

म्हणून येत्या शनिवारी त्यांना १८९३ मध्ये सुरू झालेल्या त्या ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा आणि नंतर तलावपाळीवर बसा. रात्रपाळी करून आलेल्या शनिवारीही ते तुम्हाला नेत होते का, झोप कधी घेत होते, मोठ्याने वाचायला का लावत होते, हे विचारा. आलेले उत्तर पत्रात घ्या. ‘तुम्ही आमच्यासाठी खूप केलेत’ या वाक्याला ते हात झटकतील, पण ‘रात्रपाळीनंतर न झोपता तुम्ही मला पुस्तक आणायला नेलेत’ असे लिहिलेले त्यांना झटकता येणार नाही.

आता गणवेशाविषयी. ते अवश्य लिहा, पण दोन वाक्यांत. त्या दिवशी मी तुम्हाला फाटकाशी येऊ नका म्हणाले, ते चुकले, एवढे पुरे. त्या वयाची कारणे देऊ नका आणि आपल्याला किती पश्चात्ताप झाला याचे वर्णन करू नका, कारण मग त्यांनाच तुमची समजूत काढावी लागेल आणि त्यांच्या पत्रातही तुम्ही त्यांना कामाला लावाल. मला वाटते, त्यांना तो दिवस आठवत असेल. बोलले नसतील इतकेच. त्या दोन वाक्यांनंतर लगेच पुन्हा तलावपाळीवर या. पत्राचा शेवट त्या माफीवर होऊ देऊ नका.

पत्र हाताने लिहा, ओळी सोडून आणि ठळक अक्षरात, म्हणजे त्यांना कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही. देताना समोर बसून राहू नका. ‘बाबा, हे वाचा’ म्हणा, चष्मा हातात द्या आणि चहा ठेवायला आत जा.